दोन हिरवे, एक लाल

कुंदाताई, आज स्लाइड वाचली. एकटीनं वाचली, म्हणजे आपल्या नियमानं अर्धीच. मोजून झाल्यावर सवयीनं उठून बाजूला झाले, तुला बसायला स्टूल मोकळं केलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. किती वेळ तशी उभी होते कोणास ठाऊक. मग पडदा उघडला. वकिलांच्या कोटाचं काळं कापड आणून तू शिवलेला तो पडदा, यवतमाळच्या उन्हात बाहेरून पार विटून गेलाय. आतून अजून कोळशासारखा आहे. उजेड आला आणि दिसलं की माझा आकडा ऐकून घ्यायला खोलीत कोणी नाही. तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मला तुझा रागच जास्त येतो आहे. रडू येतं तेव्हाही आधी रागच येतो.

आपण काय काम करतो ते माझ्या माहेरी ढाणकीला आजपर्यंत कोणाला नीट समजलेलं नाही. 'रक्त तपासते' एवढंच ते सांगतात, आणि साखर किती निघाली ते विचारतात. तू मात्र कोणालाही दोन मिनिटांत समजावून सांगायचीस. आठवतं, तांड्यावरची ती म्हातारी? फुलसावंगीकडची. तिची सून बाळंतपणानंतर तापानं फणफणलेली, रक्ताच्या बाटलीत जंतू वाढलेले, पण कोणता जंतू ते उमजायला नेहमीच्या रीतीनं अजून दोन दिवस गेले असते. तू म्हणालीस, आपण प्रोब लावू. दुपार कलायच्या आत काळ्या पार्श्वभूमीवर द्राक्षांच्या घोसासारखे हिरवे पुंजके चमकायला लागले आणि तू तिथूनच डॉक्टरांना फोन केलास. औषध बदललं. म्हातारी काउंटरला धरून उभी होती. तिला जंतू, प्रोब, रंग, काही कळणार नव्हतं. तू तिला म्हणालीस, "माय, बाजारात लेकरू हरवलं तर ते कोणाच्याही कडेवर जाते काय? आपल्या याडीलेच, आईलेच बिलगते नं? तसं हे आमचं औषध आहे. सगळ्या रक्तात फिरते, पण त्याच एका जंतूले बिलगते. अन् बिलगलं की चमकते." म्हातारीनं मान डोलावली. मग तिनं विचारलं, "अन् याडी नसली तर?" तू म्हणालीस, "तर धुऊन जाते. चमकत नाही."

तेच खरं सगळ्यांत सोपं उत्तर आहे. मी एवढी वर्षं हेच काम केलं, पण मला ते असं सांगता आलं नसतं. मी चिडले असते.

गुणसूत्रांच्या स्लाइडी तू मला शिकवल्यास. पेशीचं केंद्र निळं, त्यात ठिपके. तो एक प्रोब तर तुझा लाडका होता, म्हणजे लाडका म्हणायचं, पण त्याच्यासारखा निर्दय दुसरा नव्हता. हिरवा ठिपका त्या गुणसूत्राची खूण; लाल ठिपका त्याच गुणसूत्रावरच्या एका जनुकाची, जे जनुक पेशीला मोकाट सुटू देत नाही. चांगल्या पेशीत दोन हिरवे, दोन लाल. दोन हिरवे आणि एकच लाल दिसला, म्हणजे आवरणारं निम्मं गेलं. अशा पेशी फार निघाल्या की रक्ताचा कर्करोग औषधाला दाद देत नाही. मात्र एका पेशीवरून काही ठरत नाही. कधी एक लाल दुसऱ्याच्या मागे दडतो, सूक्ष्मदर्शकाचा बारीक स्क्रू फिरवला की डोकावतो. कधी धुळीचा कणही लाल चमकतो आणि फसवतो. म्हणून शेकडो पेशी मोजायच्या. आधी एकीनं, मग दुसरीनं, एकमेकींना न सांगता. नंतर दोघींनी आपापला आकडा बोलून दाखवायचा. जुळला तर रिपोर्ट. नाही जुळला तर दोघींनी पुन्हा बसायचं.

आणि मोजण्याआधी तो अंधार. डोळे रुळल्याशिवाय मंद ठिपके दिसत नाहीत, म्हणून भर दुपारी पडदा ओढून आपण दोघी काळोखात नुसत्या बसायचो. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत दिव्याच्या पंख्याची घरघर. त्या काळोखात आपण काय काय बोललो, ताई. माझ्या सासूबद्दल मी जे बोलले ते उजेडात माझ्या तोंडून निघालं नसतं. तू घाटंजीच्या तुझ्या शाळेचं सांगायचीस, तिथं प्रयोगाच्या तासाला तुला मागं उभं करत, सूक्ष्मदर्शकाला हात लावू देत नसत, त्याचं कारण कोणी बोलून दाखवत नसे, पण तुला आणि त्यांना दोघांनाही ते माहीत होतं. हे सांगताना तुझा आवाज जराही बदलायचा नाही. मी विचारलं, "राग नाही येत?" तू म्हणालीस, "येते नं. म्हणूनच तर हे घेतलं." आणि सूक्ष्मदर्शकावर टिचकी मारलीस.

उन्हाळ्यात आपल्या हालांना पारावार नसे. स्लाइडी रात्रभर उबदार आणि ओलसर ठेवायच्या, तर इन्क्युबेटर लाइट गेली की बंद. तू जेवणाच्या स्टीलच्या डब्यात ओला कागद अंथरून त्यात स्लाइडी ठेवायचीस आणि डबा गोधडीत गुंडाळायचीस. मेमध्ये मी म्हणायचे, कशाला एवढं, गच्चीवर ठेव, आपल्या यवतमाळची रात्रही तेवढीच तापलेली असते. तू हसायची नाहीस. कामाच्या बाबतीत तुला विनोद चालत नव्हता. एकदा त्याच डब्याशेजारी मी माझा भाजी-भाकरीचा डबा ठेवला होता, तर तू मला असं झापलंस की मी दुपारी जेवलेच नाही. संध्याकाळी तू मोसंबी सोलून दिलीस. माफी मात्र मागितली नाहीस. माफी मागणं तुझ्या स्वभावातच नव्हतं, आणि माझ्या तर त्याहून नव्हतं, म्हणून आपलं जमलं.

आपलं खरं भांडण नावांवरून होतं आणि ते अर्धवटच राहिलं. नमुना आला की तू नावावर चिकटपट्टी लावून नंबर टाकायचीस. वाचणाऱ्याला पुरुष की बाई, म्हातारं की पोर, काही कळायचं नाही. मला ते पटत नव्हतं. मी म्हणायचे, निदान गाव तरी राहू दे, आपण काय दगडाचं वाचतो आहोत? तू म्हणायचीस, "नाव कळलं की डोळा मऊ पडते, रेखा. अन् मऊ डोळा चुकते." मी म्हणायचे, "मऊ झाला तर नीट पाह्यन, उलट. चार पेशी जास्त मोजन." तू म्हणायचीस, "जास्त मोजशीन. पण त्या कोणत्या मोजशीन?" यावर मी माझं तेच पुन्हा म्हणत राहायचे. आपल्याकडे भांडणात तेच तर करतात.

मग तुझी पाठ दुखायला लागली. तू स्टुलाला दोष दिलास. नवं स्टूल आलं, तरी दुखत राहिली. चेहरा फिकुटला, जिना चढताना तू मधेच थांबून खिडकीतून बाहेर बघू लागलीस, जणू बाहेर काही बघण्यासारखं आहे. मी म्हणाले, रक्त काढू. तू म्हणालीस, काढलं आहे. बस. नागपूरला तू दोन-तीनदा जाऊन आलीस, भाऊजींच्या शाळेचं काही काम आहे म्हणून. मी खरं मानलं. मला का नाही शंका आली, ते मला अजून कळत नाही.

त्या दिवशी डब्यात तीन-चार स्लाइडी होत्या. मी पहिली बसले. त्यातली एक इतकी स्वच्छ उतरली होती की मला राहवलं नाही. आकडा सांगायचा नव्हता, पण मी म्हणाले, "ताई, ही पाह्य. लय देखणी झाली. एक डाग नाही, सगळे ठिपके कसे कोरल्यासारखे." तू बसलीस. मोजलंस, नेहमीसारखं शांतपणे, मधे एकदाही मान न उचलता. मग आकडे बोललो. जुळले, अगदी जवळजवळ जुळले. निम्म्याहून जास्त पेशींत एकच लाल. मी म्हणाले, "ज्याचं असन त्याचं काही खरं नाही वं ताई." तू उठलीस, पडदा सरकवलास, ऊन आत आलं. आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणालीस, "माहं आहे ते."

त्यानंतर मी तुझ्याशी चार-पाच दिवस बोलले नाही. लोकांना हे सांगितलं तर वाटेल, काय बाई आहे ही. पण तुला माहीत आहे. मला न विचारता तू मला तुझं मरण वाचायला बसवलंस, आणि मी त्याला देखणं म्हणाले. एवढ्या मोठ्या नागपुरात वाचणारं कोणी नव्हतं काय? शेवटी मीच फटकन विचारलं, "काहून केलं असं?" तू म्हणालीस, "तिथं वाचलंच आहे त्यांनी. मले तुह्या तोंडून पाहिजे होतं. तू खोटं बोलली नसती, अन् खरं बोलताना रडलीही नसती, माहीत नव्हतं नं तुले." मी म्हणाले, "तू लय वाईट आहे." तू म्हणालीस, "हो." आणि मग आपण चहा घेतला.

तरी एक सांगते. स्वतःच्या पेशी मोजताना तू एक ठिपकाही इकडचा तिकडे केला नाहीस. मी ते किती वेळा मनात आठवते. मला तसं जमलं नसतं, आणि तुझ्याजवळ शिकले याचा त्या क्षणाइतका अभिमान मला कधी वाटला नाही. हे तुला सांगायला हवं होतं. तेव्हा मी रागात होते.

मग औषधं सुरू झाली. केस गेले, जेवण गेलं, तुझी जाड वेणी गेली, जिच्यावरून मी तुला कायम चिडवायचे. पण तू येत राहिलीस. डोक्याला सुती रुमाल बांधून, घाटंजीच्या बसमधून उतरून, रिक्षा न करता. अंधारात बसायचो तेव्हा तू आजाराचं सोडून सगळं बोलायचीस. भाऊजींनी कपाशीच्या बांधावर लिंबाची रोपं लावली, त्यातलं एक जगलं नाही, शाळेत नवा हेडमास्तर आला, असलं काहीबाही. कधी मीच विचारायचे, "भेव वाटते काय?" तू म्हणायचीस, "कायचं? एक ना एक दिवस सगळ्यांचं आहेच." तू हे इतकं सहज म्हणायचीस. मला वाटायचं, खरंच हिला भीती नाही. आपल्याला आहे, तिला नाही. अशी माणसं असतात.

औषधांचा पहिला टप्पा संपला आणि पुन्हा नमुना घ्यायची वेळ आली. तू नागपूरहून तो इकडे आणलास. मी म्हणाले, नाही, या खेपेला तिकडंच वाचू दे. "मले नाव माहीत आहे, ताई. तुह्याच नियमानं मी बाद. अन् तू तर बादच." तू म्हणालीस, "मंग तिसरं कोण आहे आपल्याकडं?" कोणी नव्हतं. मी किती चिडले होते ते तुला आठवत असेल. त्या दिवशी तू जरा हट्टी पोरीसारखी बोललीस. म्हणालीस, "एकदा पाह्यचं आहे मले. बस."

मी स्लाइड तयार केली. तुला हातच लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी पडदा ओढला आणि डोळे रुळेपर्यंत दोघी बसलो. तेव्हा तू काही बोलली नाहीस. लिंबाचं नाही, हेडमास्तरांचं नाही. फक्त तुझ्या श्वासाचा आवाज येत होता, जिना चढून आल्यावर येतो तसा. मग तू पहिली बसलीस.

तू फार वेळ लावलास. बारीक स्क्रू तू कधी एवढा फिरवत नसायचीस. मला त्याची घासण ऐकू येत होती, पुढे, मागे, पुन्हा पुढे, एकेका पेशीवर. मी भिंतीशी उभी होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं. उठताना तू स्टुलाला धरून उठलीस. मग मी बसले आणि मोजलं. माझे डोळे मऊ पडू नयेत म्हणून मी दातांनी ओठ धरून मोजलं. स्लाइड वाईट नव्हती. हिरवे नीट होते. लाल जिथं नव्हते तिथं नव्हतेच. मधून मधून धुळीचे बारके कण होते, लालसर, कोणालाही ओळखू येतील असे. कोणालाही काय, तुझ्याच हाताखाली शिकलेली नवशिकी पोरगीही त्यांना ठिपका म्हणाली नसती. तूच शिकवलं होतंस, कण काठाला खरखरीत असतो, ठिपका गोल असतो.

आकडे बोलायची वेळ आली. तू तुझा बोललीस.

ताई, तो चांगला आकडा होता. इतका चांगला की नागपूरच्या डॉक्टरांनी पेढे वाटले असते. माझ्या आकड्याशी त्याचा काही मेळ नव्हता. मी काळोखात तुझ्या चेहऱ्याकडं पाहिलं, पण काही दिसलं नाही. नियम सरळ होता: नाही जुळलं तर पुन्हा बसायचं. मी 'पुन्हा बसू' म्हणायची तू वाट बघत होतीस की न म्हणायची, ते मला त्या अंधारात ओळखता आलं नाही. मी म्हणाले, "माहे डोळे आज दुखून राह्यले. तुहंच धरू." तू म्हणालीस, "हो." आणि त्यानंतर खूप हळू, स्वतःशीच बोलल्यासारखं, "कमी झालं म्हणजे." मी म्हणाले, "हो नं. कमी झालं."

पडदा मी उघडला नाही. तूही नाही. आपण तशाच बसून राहिलो.

नंतर मी बाहेर जाऊन नागपूरला फोन केला आणि माझा आकडा सांगितला. उपचार त्यावर ठरणार होते, तिथं तुझा चालला नसता. पुढच्या खेपेला त्यांनी औषध बदललं, जास्त जहाल दिलं. तेव्हा तू समजली असशील. तू आलीस, पिशवी टेबलावर ठेवलीस, नव्या औषधाची पाकिटं आतून दिसत होती. माझ्याकडं पाहिलंस. मी तुझ्याकडं पाहिलं. तू म्हणालीस, "चहा कर नं." मी चहा केला. त्या दिवसानंतर तू स्लाइड वाचायला बसली नाहीस. डोळ्यांना पाणी येते, असं सांगितलंस. मी बरं म्हणाले.

परवा पुण्यानुमोदनाला घाटंजीला गेले होते. तुझ्या फोटोपुढं मेणबत्त्या, वंदना, मग भाषणं. जो उठेल तो एकच सांगत होता. ताईंनी आजार हसत स्वीकारला. ताईंना अनित्यता कळली होती. कधी कुरकूर नाही, कधी डोळ्यांत पाणी नाही. तुझ्या शाळेतली एक मैत्रीण तर म्हणाली, कुंदा मरणालाही घाबरली नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. जेवणं झाल्यावर भाऊजींनी मला मागच्या अंगणात बोलावलं. ते खूप वाळलेत, ताई. चष्मा काढून पुसत राहिले, मग म्हणाले, "रेखाताई, एक विचारतो. घरी ती मले काहीच बोलत नव्हती. मी ठीक आहो, मी ठीक आहो, एवढंच म्हणे. तुमच्याजवळ तरी बोलली काय? भेव वाटत होतं काय तिले? एकटीनंच सगळं सहन केलं का तिनं?"

मी म्हणाले, "नाही भाऊजी. ताई शेवटपर्यंत खंबीर होती." त्यांना बरं वाटलं की वाईट, ते कळलं नाही. ते म्हणाले, "असंच वाटलं मले." आणि आत गेले.

त्यांना सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगते. तू खंबीर नव्हतीस. ज्या बाईनं आयुष्यात कधी धुळीच्या कणाला ठिपका म्हटलं नाही, तिनं त्या दिवशी एकेका कणावर थांबून स्क्रू फिरवला आणि प्रत्येकाला लाल म्हटलं. तुला जगायचं होतं, ताई. कोणालाही नव्हतं तेवढं तुला जगायचं होतं, आणि हे तू नवऱ्याला सांगितलं नाहीस, मला सांगितलं नाहीस, फक्त मोजून दाखवलंस. मी ते ओळखलं आणि तेच शहाणपण समजून तुझी लाज राखली. लाज राखायला नको होती. अंधारच होता, कोणी बघत नव्हतं. मी फक्त 'पुन्हा बसू' म्हणायला हवं होतं, तू रडली असतीस, आणि मी तुला धरलं असतं.